प्रिन्स इतका बुटका का दिसतो?

जुन्या गेम्सच्या फॅन विकींवर, म्हणजे चाहत्यांनी मिळून लिहिलेल्या माहितीच्या साइट्सवर, प्रिन्स ऑफ पर्शियाचे स्क्रीनशॉट बघितलेत कधी? त्यातल्या बऱ्याचशांत आपला प्रिन्स जरा बुटका आणि आडवा वाटतो. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासच्या जाड्याजुड्या मॉनिटरवर, सर चहाला गेले की डेंजरस डेव्ह हा गेम नाहीतर प्रिन्स, असं करत हा गेम खेळलाय त्यांना हे लगेच खटकतं, पण नक्की काय बिघडलंय ते सांगता येत नाही. मी सध्या एका छोट्याशा विकीसाठी याच गेमच्या डॉस (विंडोजच्या आधीची पीसीची सिस्टिम) व्हर्जनचे, म्हणजे १९९० वाल्याचे, स्क्रीनशॉट नव्याने काढून देतोय. पैसे वगैरे काही मिळत नाहीत, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या, पण मजा येते, आणि त्यात जे काय कळलं ते एकदा लिहून टाकावं म्हटलं.

तर बुटकेपणाचं कारण असं. डॉसवरचा प्रिन्स व्हीजीए (तेव्हाच्या पीसीचं रंगीत ग्राफिक्स) मोडमध्ये ३२० बाय २०० पिक्सेलमध्ये चालतो. हे गुणोत्तर होतं ८:५. पण तेव्हाचे मॉनिटर होते ४:३ चे, आणि ते हेच चित्र ताणून पूर्ण काचेवर बसवायचे, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल चौरस नसायचा, रुंदीपेक्षा २० टक्के उंच असायचा. आजच्या एलसीडीवर पिक्सेल चौरस. मग तेच चित्र जसंच्या तसं टाकलं की उंची कमी पडते आणि प्रिन्स, राजकन्या, खलनायक जाफर सगळेच चेपतात. गेमने काही चुकीचं केलेलं नाही, बघायची काच बदलली एवढंच.

आता हे दुरुस्त करायला लोक काय करतात, तर ३२० बाय २०० चं चित्र घेतात आणि सरळ ३२० बाय २४० करतात. इथे गडबड होते, कारण २०० ओळींच्या २४० करायच्या म्हणजे दर पाच ओळींमागे एक जास्तीची ओळ कुठून तरी आणावी लागते, मग एकतर ती ओळ डबल होते आणि भिंतीच्या विटा कुठे जाड कुठे बारीक दिसतात, नाहीतर सॉफ्टवेअर सगळं मिसळून गुळगुळीत करतं आणि चित्र धुरकट होतं. यावरचा उपाय इतका सोपा आहे की मला पहिल्यांदा कळला तेव्हा गंमतच वाटली: आडवं ५ पट आणि उभं ६ पट करा. ३२० पंचे १६००, २०० सक १२००. १६०० बाय १२००, म्हणजे बरोब्बर ४:३, आणि मूळच्या प्रत्येक पिक्सेलचा ५ बाय ६ चा स्वच्छ ठोकळा, एकही ओळ अर्धवट नाही. गिंप या चित्रं एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्केल इमेजमध्ये जाऊन रुंदी-उंचीमधली साखळी तोडायची, आकडे टाकायचे आणि इंटरपोलेशन नन ठेवायचं, म्हणजे ते शेजारचे रंग मिसळत नाही. संपलं.

विकीवर एक गट असा आहे की जो म्हणतो कच्चं ३२० बाय २०० च ठेवा, तोच खरा डेटा, ताणायचं काम ब्राउझरचं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, नाही असं नाही. पण पान वाचायला आलेला माणूस डेटा बघायला आलेला नसतो, त्याला गेम कसा दिसायचा ते बघायचं असतं. म्हणून मी पानावर ४:३ वाला लावतो आणि कच्ची फाइल जपून ठेवतो, कुणी मागितली की देतो.

आता मुळात स्क्रीनशॉट काढायचा कसा. प्रिंट स्क्रीन अजिबात नको, कारण त्यात तुमच्या विंडोचं स्केलिंग, फिल्टर, कधीकधी माउसचा बाणसुद्धा येतो. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर डॉसचे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कंट्रोल आणि एफ५ दाबलं की कॅप्चर फोल्डरमध्ये पीएनजी फाइल पडते. ती उघडून आधी साइज बघा, ३२० बाय २०० नाहीतर त्याची नेमकी दुप्पट असेल तर बिनधास्त पुढे जा, दुसरं काही विचित्र असेल तर कुठला तरी स्केलर (चित्र मोठं करणारं सेटिंग) चालू आहे, तो बंद करा.

उभ्या उभ्या खोलीचा फोटो असा आरामात निघतो. खरी कसोटी हलत्या क्षणांची. चौथ्या लेव्हलला तो आरसा येतो ना, प्रिन्स धावत येऊन त्यात उडी मारतो आणि दुसऱ्या बाजूने त्याची सावली बाहेर पडून पळून जाते, त्या क्षणाचा फोटो विकीला हवाच. पण गेम सेकंदाला साधारण १२ चित्रं दाखवतो, तलवारबाजीत तर १०, म्हणजे तुम्हाला हवी असलेली पोज डोळ्याची पापणी लवायच्या आत गेली. एस्केप दाबून गेम थांबवता येतो आणि परत परत एस्केप दाबलं की एकेक चित्र पुढे सरकतं, पण थांबल्यावर खालच्या पट्टीत गेम पॉज्ड अशी अक्षरं येतात आणि ती विकीच्या फोटोत कुणाला नको असतात. म्हणून मी फोटो काढायचा नादच सोडतो आणि व्हिडिओ रेकॉर्ड करतो, कंट्रोल आल्ट एफ५, परत तेच दाबलं की रेकॉर्डिंग बंद. डॉसबॉक्स यासाठी स्वतःचा झेडएमबीव्ही नावाचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) वापरतो आणि तो लॉसलेस आहे, म्हणजे एकाही पिक्सेलचा रंग बदलत नाही. नंतर एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरने फ्रेम्स वेगळ्या काढायच्या आणि निवांत चहा पीत हवी ती निवडायची. व्हीजीए सेकंदाला ७० वेळा स्क्रीन रंगवतं त्यामुळे गेमचं एकेक चित्र सलग पाचसहा फ्रेम्समध्ये सापडतं, एखादी फ्रेम अर्धी रंगवलेली निघाली तर शेजारची घ्यायची.

आठव्या लेव्हलचा उंदीरही असाच पकडावा लागतो. राजकन्येने पाठवलेला तो पांढरा उंदीर येऊन बटण दाबतो आणि दरवाजा उघडतो. त्याच्यासाठी तिथे नुसतं उभं राहून वाट बघावी लागते, जी बहुतेक मुलांनी तेव्हा कधीच बघितली नाही आणि गेम अडकला म्हणून सोडून दिला.

आता लेव्हल आठपर्यंत दर वेळी खेळत कोण जाणार? मग चीट वापरतात, पहिल्या व्हर्जनमध्ये प्रिन्स मेगाहिट असं लिहून गेम चालू करायचा, आठवत असेल. वापरायला काही हरकत नाही. पण फोटोत त्याचा माग राहता कामा नये यावर मी फार काटेकोर आहे. गेमची सुरुवात तीन त्रिकोणांनी होते, ते खाली डावीकडे दिसणारे जीव. चीटने जीव वाढवून पहिल्याच खोलीचा फोटो काढला आणि त्यात सात त्रिकोण दिसले तर ते चित्र खोटं आहे, कुणीतरी पुढे त्यावरून लिहील की लेव्हल एकला सात जीव मिळतात. गेम संपवायला मिळणाऱ्या साठ मिनिटांच्या वेळेचंही तसंच. चीट न वापरता शिफ्ट एल दाबून चौथ्या लेव्हलपर्यंत उड्या मारता येतात पण मग वेळ १५ मिनिटांवर येतो, तर त्या लेव्हलची उरलेली मिनिटं फोटोत दाखवू नयेत. विकीवरचा स्क्रीनशॉट हा पुरावा असतो हो, वॉलपेपर नाही.

आणि याच कारणामुळे सुधारणा या शब्दाची मला जरा धास्ती वाटते. हल्ली कुणीही उठतो आणि जुना स्क्रीनशॉट एआय अपस्केलरमध्ये टाकतो. प्रिन्सचा चेहरा मूळात आहे किती, तर मूठभर पिक्सेल. त्यातून ते सॉफ्टवेअर नाक, डोळे, ओठ काढून देतं, जे कुठल्याही चित्रकाराने कधी काढलेच नव्हते. गावच्या फोटो स्टुडिओत आजोबांच्या जुन्या फोटोला हाताने रंगवून कोट चढवून द्यायचे ना, तसलं ते, दिसायला छान पण आजोबांनी कोट कधी घातलाच नव्हता. फेसबुकवर टाका, लाइक घ्या, विकीवर नको.

स्कॅनलाइनचे फिल्टर लावणारे दुसरे. त्यांना वाटतं काळ्या आडव्या रेघा आल्या की ऑथेंटिक झालं. टीव्हीवर चालणाऱ्या गेम्सना ते ठीक आहे, पण व्हीजीए ३२० बाय २०० मध्ये प्रत्येक ओळ दोनदा काढायचं, मॉनिटरवर ४०० ओळी जायच्या, त्यामुळे त्या जाड काळ्या फटी पीसीवर दिसायच्याच नाहीत. म्हणजे आठवणीच्या नावाखाली भलतीच आठवण.

ऑटो कॉन्ट्रास्टही नको. तुरुंगाची खोली अंधारी आहे कारण ती अंधारी काढली आहे.

मग सुधारायचं काय? तर खराब फाइल ओळखून ती बदलायची. ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. व्हीजीएच्या या मोडमध्ये स्क्रीनवर एका वेळी जास्तीत जास्त २५६ रंग. गिंपमध्ये कलर्स मेनूत इन्फोखाली कलरक्यूब अॅनालिसिस आहे, ते चालवलं की चित्रात किती वेगवेगळे रंग आहेत ते कळतं. २५६ च्या आत असेल तर ठीक. हजारोंत आकडा आला तर समजायचं की ती फाइल कधीतरी जेपीजी होती किंवा कुणीतरी गुळगुळीत करून मोठी केलीय. जेपीजी ८ बाय ८ च्या ठोकळ्यांत चित्र दाबतं आणि रंगांची माहिती तर बहुतेक वेळा त्याहून जास्त कापतं, म्हणून मशालीच्या ज्वाळा आणि औषधाच्या बाटलीतले लाल बुडबुडे पहिले फिसकटतात. अशी फाइल नंतर पीएनजीत सेव्ह करून काही उपयोग नाही, गेलेलं परत येत नाही, नवीनच काढायची. उलट खरी पीएनजी इंडेक्स्ड (ठरावीक रंगांच्या यादीवर चालणारी) ठेवून ऑप्टिपीएनजी या फाइल लहान करणाऱ्या टूलमधून काढली की १६०० बाय १२०० असूनही ती अगदी लहान राहते, कारण आत तेच तेच ठोकळे.

उरलं अपलोडचं. स्क्रीनशॉट शून्य शून्य चार असल्या नावाची फाइल चढवू नका, नावातच गेम, प्लॅटफॉर्म, लेव्हल आणि काय दिसतंय ते लिहा. प्लॅटफॉर्म तर नक्कीच, कारण मॅक, सुपर निन्टेन्डो, डॉस सगळ्यांत चित्रं वेगळी आहेत, सुपर निन्टेन्डोवर तर लेव्हलही २० आहेत. जुनी फाइल बदलताना नवीन नावाने टाकण्यापेक्षा त्याच फाइलची नवी आवृत्ती म्हणून चढवा, मीडियाविकी, म्हणजे विकी चालवणारं सॉफ्टवेअर, जुनी जपून ठेवतं आणि सगळ्या पानांवर आपोआप बदल होतो. आणि नवव्या लेव्हलच्या त्या औषधाने अख्खा स्क्रीन उलटा होतो, त्या फोटोच्या वर्णनात चित्र मुद्दाम उलटं आहे असं ठळक लिहा, नाहीतर कुणीतरी भला माणूस ते सरळ करून ठेवणार.

लायसनच्या खान्यात स्वतःचं काम असं टिचकवणारेही असतात. बटण तुम्ही दाबलं म्हणून कॉपीराइट तुमचा होत नाही, चित्र गेमच्या मालकाचंच, फेअर यूजचा (परवानगीशिवाय मर्यादित वापराचा) टॅग लावा. इंग्रजी विकिपीडियावर तर असल्या चित्रांना साधारण एक लाख पिक्सेलची मर्यादा पाळतात, तिथे माझं १६०० बाय १२०० वालं चालणार नाही, कच्चं ३२० बाय २०० मात्र ६४ हजारांत बसतं. तेवढ्यापुरता तो कच्चावाला गट जिंकला.

सध्या माझं काम चाललंय ते सीजीए आणि हर्क्युलस या व्हीजीएच्या आधीच्या ग्राफिक्स कार्डांवरच्या चित्रांचं. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये मशीन बदललं की तीच खोली निळसर-गुलाबी चार रंगांत नाहीतर नुसत्या काळ्यापांढऱ्यात येते, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी प्रिन्स पहिल्यांदा तसाच बघितलाय. हर्क्युलसचा मोड ७२० बाय ३४८, तिथे माझं पाच-सहाचं गणित लागू पडत नाही, नवीन हिशोब मांडावा लागतोय, तो जमला की त्यावर वेगळी पोस्ट टाकतो.