आलं एकदाचं आमचं पहिलं गाणं

रात्री बारा वाजता आमच्या बँडचं पहिलं सिंगल आलं. बारा वाजून चार मिनिटांनी ऐकणारे एकूण अकरा. त्यातले पाच आम्हीच.

सकाळी पहिली प्रतिक्रिया ड्रमरच्या आईची. "छान आहे रे, पण गाणं सुरू कधी होतं?" सगळे हसले, माझ्या मात्र पोटात गोळा. सुरुवातीला चाळीस सेकंद नुसती गिटार आहे (हट्ट माझाच होता), आणि स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच ते मोजलं जातं. म्हणजे गायकानं तोंड उघडायच्या आधीच निकाल!

बेसवाला दिवसभर एकच पालुपद लावून बसलेला: बीटल्सचं 'लव्ह मी डू' १९६२ साली आलं तेव्हा ब्रिटनच्या यादीत १७व्या नंबरापर्यंतच पोचलं होतं. अरे बाबा, आपल्याला सतराशेवा दे, पेढे वाटतो.

संध्याकाळी एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. "दुसऱ्या कडव्यानंतर गिटार अचानक थांबते आणि बेस एकटा उरतो, ती जागा तीनदा ऐकली. काय विचार केलाय!"

तिथे माझी तार तुटली होती. पुन्हा रेकॉर्ड करायचा कंटाळा आला म्हणून तसंच ठेवलं.

त्याला काय उत्तर द्यावं, अजून सुचलेलं नाही.