काट्यावरचं गोल चक्र

आज रावेरजवळ केळीच्या एका वजनकाट्यावर माझी पार लाज निघाली. ट्रक भरून उभा, हमाल ताटकळलेले आणि लॅपटॉपवर माझ्या पावतीच्या प्रोग्रॅमचं चक्र गरगर फिरतंय. काटावाले काका म्हणाले, "भाऊ, याच्यापेक्षा आमचं पावतीपुस्तक बरं होतं."

चूक साधीच. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला (सर्व्हरला विनंती पाठवणारा तयार कोड) आपण टाइमआउट, म्हणजे किती वेळ थांबायचं ती मर्यादा, दिली नाही, तर ती उत्तराची वाट बघत बसून राहते. ऑफिसच्या वायफायवर हे कुठलं कळायला!

घाईघाईत १० सेकंदांचा टाइमआउट टाकला, वर रिट्राय, म्हणजे उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठवणं. तर एकच गाडी दोनदा नोंदली गेली! विनंती सर्व्हरपर्यंत पोचली होती, वाटेत हरवलं होतं ते उत्तर. टाइमआउट म्हणजे 'काम झालं नाही' नव्हे, 'झालं की नाही ते माहीत नाही'. इतकी वर्षं कोड लिहून हे आज पत्र्याच्या शेडखाली, घामाघूम होऊन कळलं.

आता प्रत्येक पावतीला लॅपटॉपवरच युनिक नंबर मिळतो. तोच नंबर पुन्हा आला की सर्व्हर जुनंच उत्तर देतो, नवी नोंद नाही. रिट्राय १, २, ४, ८ सेकंदांनी, त्यात थोडा रँडम वेळ मिसळून. नाहीतर रेंज आली की सगळे काटे एकदमच सर्व्हरवर तुटून पडायचे. सर्व्हरकडून ५०३ ('आत्ता जमत नाही') आला तर पुन्हा पाठवायचं. ४०० ('विनंतीच चुकीची') आला तर चूक आपलीच, शंभरदा पाठवून काय उपयोग?

रेंजच नसेल तर पावती लॅपटॉपवर जमा, समोर फक्त 'पाठवायची बाकी'.

संध्याकाळी काकांचा फोन आला. सगळं चालू आहे, पण पावतीपुस्तक अजून खिशातच ठेवलंय म्हणे.