सासूबाई, राजासॉरस आणि खोपोलीची सहल

दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचं हे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आता पक्कं झालंय. सासूबाई, आम्ही दोघं आणि आमची मुलं, ओजस आणि मीरा. घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीने दिवस आखायचा, हे मी आधीच सांगून टाकलंय. नाहीतर सासूबाई दिवसभर बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसतात आणि घरी आल्यावर "छान झालं हो" म्हणतात. मला ते नको आहे.

तारखांचा विचार बडोदेकरांनी जरूर करावा. गुजरातच्या शाळांना दिवाळीची 21 दिवस सुट्टी असते. महाराष्ट्रातल्या शाळा बहुधा आपल्याआधी उघडतात. म्हणून लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) झाल्यावरचा, आठवड्याच्या मधला वार धरलाय. तोवर खोपोलीचा पाऊसही सरलेला असतो.

ओजसला नायट्रो हवी. 40 मीटर उंच, पाच वेळा उलटंपालटं करणारी, पायाखाली फळीच नसलेली रोलरकोस्टर! तिला 140 सेंटिमीटर उंची लागते. म्हणून त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून मापलं: 138. रांगेत तासभर उभं राहून दारातून परत फिरण्यापेक्षा हे घरीच कळलेलं बरं. तो रुसला, पण राजासॉरसचं नाव काढताच खुलला.

कारण राजासॉरस आपला! गेल्या वर्षी आम्ही मुलांना आपल्या गुजरातमधल्या बालासिनोरजवळच्या रैयोलीला नेलं होतं, तिथलं डायनासोर संग्रहालय दाखवायला. या प्राण्याची हाडं तिथल्याच परिसरात सापडली आणि 2003 साली शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं, राजासॉरस नर्मदेन्सिस. नर्मदेचं नाव लागलेला मांसाहारी डायनासोर! इमॅजिकात त्याच्या नावाची होडीची राइड आहे. मीरा तर आतापासूनच तिथल्या लोकांना रैयोलीबद्दल सांगायची तयारी करते आहे. जायच्या आधी मुलांना एकदा रैयोली दाखवाच, अगदी कळकळीने सांगते. राइडमध्ये नुसतं किंचाळण्यापलीकडे काहीतरी हाती लागतं. शेवटी भिजायला होतं, तेव्हा कोरडे कपडे सोबत हवेत.

सासूबाईंसाठी 'आय फॉर इंडिया' सगळ्यात आधी, सकाळी त्या ताज्यातवान्या असतानाच. खुर्चीत बसून पडद्यावर भारतावरून उडत जायचं. त्यांना हिमालय पाहायचा राहून गेलाय, म्हणून ही राइड त्यांना दाखवायचीच असं मला फार वाटतं. दुपारी त्या आणि मीरा खोलीवर येऊन पडतील. हॉटेल पार्कला लागूनच आहे, आणि खर्च वाढला तरी तिथेच राहायचं ते एवढ्यासाठीच. संध्याकाळच्या परेडला पुन्हा सगळे एकत्र.

जाताना इंदूरहून पुण्याकडे जाणारी गाडी. ती बडोद्यावरून रात्री जाते, लोणावळ्याला उतरून टॅक्सीने घाट उतरायचा. डब्यात ठेपले आणि बटाट्याची सुकी भाजी.

दुसऱ्या दिवशी महडचा वरदविनायक, खोपोलीपासून अगदी जवळ. तिथला नंदादीप 1892 पासून तेवतोय असं सांगतात. सासूबाईंचे अष्टविनायकांतले महड आणि पाली राहिलेत. पालीही त्याच बाजूला, पण दोन्ही एका दिवसात उरकायचे नाहीत असं त्यांनीच बजावलंय. तेव्हा महड करून संध्याकाळची परतीची गाडी, आणि आज रात्री ओजसच्या बाबांनी तिकिटं काढायची.