पंखाखालची फट

भिगवणला उजनीच्या पाण्यावर सूर्य टेकतो, होडीतले सगळे एकदम गप्प होतात आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्षी उडतात. मावळत्या सूर्यापुढे पक्ष्यांची काळी छायाकृती टिपायला काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर झकास दिसतो. दुसऱ्या दिवशी जेवून लॅपटॉप उघडावा, तर आकाश पिठल्यासारखं आणि पक्षी राखाडी.

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर सगळ्याची सरासरी काढतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -१ करायचं, म्हणजे फोटो मुद्दाम गडद घ्यायचा, राहिलं की आकाश फिकटतं. उरलासुरला काळेपणा पाण्यावरचं धुरकं आणि लेन्समध्ये थेट शिरलेलं ऊन खातं.

रॉ फाइल (सेन्सरने टिपलेलं सगळं कच्चं जपणारी) असेल तर एडिटिंगमध्ये बरंच सावरतं. एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेड, पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) खाली, ब्लॅक्स, म्हणजे सगळ्यात गडद भाग, -४०च्या आसपास. पक्षी काळा झाला की हात आवरायचा. ऑटो व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्याने आपणच ठरवलेल्या रंगछटेने, संध्याकाळ थंड, निळसर करून ठेवलेली असते, ती ५२०० केल्विनवरून ६५००पर्यंत आणावी. त्यापुढे लाल चॅनल फुटतो, म्हणजे लाल रंगातले बारकावे जातात, आणि सूर्य टिकली चिकटवल्यासारखा दिसतो. क्लॅरिटी (कडा उठावदार करणारा स्लायडर) वाढवली की पंखाच्या कडेला पांढरी किनार येते, तिच्या वाटेला जाऊच नये. लेन्सचं छिद्र एफ/११च्या पुढे बारीक केलं की सेन्सरवरची धूळही उठून दिसते. लांबचा पक्षी समजून ती जपणारे असतात! धूळ गोल, पुसट आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी. डाग पुसणारा हीलिंग ब्रश फिरवा. जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानेच आवळून दिलेली फाइल, असेल तर जरा जपून. ताणलं की आकाशात पट्टे पडतात.

मग शॅडोज (गडद भाग उजळणारा स्लायडर) वर ओढून गुलाबी पिसं दिसतात का, हे बघायचा मोह होतो. दिसतो तो जांभळट रवा. आणि पिसंच दाखवायची, तर सूर्याकडे तोंड करून बसायचं कशाला?

लोडशेडिंगच्या रात्री मेणबत्तीपुढे अंगठ्यात अंगठा अडकवून भिंतीवर पक्षी उडवायचा खेळ कोणाला माहीत नाही? पंजे एकमेकांवर आले की पक्षी जायचा, उरायचा नुसता गोळा. धाकटं भावंड लगेच म्हणायचं, "हा तर बटाटा!" इथेही तेच. पंख वर किंवा खाली असला तर रोहित. बाजूने आडवा सापडला तर उडती काठी. दोन पक्षी एकमेकांवर आले तर चार पंखांचं काहीतरी. मान आणि पंख यांच्यामध्ये आकाशाची फट नसेल, तर ती कुठल्याच स्लायडरने पडत नाही.

बर्स्टमधल्या (एका दमात टिपलेल्या) बाकीच्या नऊ फ्रेम आधी चाळाव्यात. फट असलेली नाहीच मिळाली, तर १६:९चा क्रॉप करून पक्षी बाहेर ठेवावा. सूर्य बरा आलाय.