साताऱ्यातला 'ऱ्या'
आज साताऱ्यातील आमच्या शाळेच्या संगणक कक्षात सहावीच्या मुलांना 'सह्याद्रीच्या दऱ्या' असे टंकायला सांगितले, तर निम्म्या पडद्यांवर 'दर्या', म्हणजे चक्क समुद्र उमटला. भारतीय लिप्यांसाठीच्या 'इनस्क्रिप्ट' कळफलकावर शिफ्टसह 'जे' दाबून 'ऱ', मग हलन्त (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह) आणि 'य' असा क्रम लावला की दऱ्या होतात, हे दाखवताच एका मुलीने आपणहून 'साताऱ्यात' टंकून पाहिले आणि आपल्या गावाच्या नावातही तेच जोडाक्षर आहे, हे सांगायला ती शेजारणीला हलवू लागली. वहीत लाल शाईने ही चूक मी वर्षानुवर्षे दुरुस्त करत आले आहे. पण अक्षर घटकाघटकाने जुळवताना उच्चार आणि लेखन यांचे नाते मुलांच्या बोटांना कळते, असे मला मनापासून वाटते. उद्या 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही जोडी घेणार आहे.