तुम्ही विचारलंत म्हणून: वसंताचा वास नक्की कसला?

मला परफ्यूमचं वेड आहे हे माहीत असलेली माणसं मार्च आला की हमखास विचारतात, "वसंताचा वास येईल असं काहीतरी सांग ना, इराणी नवरोजसारखं, गुलाबाबिलाबाचं."

तर पहिलं म्हणजे नवरोज, म्हणजे इराणी नवं वर्ष, गुलाबाचा नाहीच. तो येतो २०-२१ मार्चला, दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा, आणि इराणमधल्या काशानजवळच्या कमसरचा गुलाब फुलतो मे महिन्यात, शिराजची नारिंगाची फुलंसुद्धा नवरोज उरकल्यावर एप्रिलात बहरतात. नवरोजला घरात वास असतो तो हफ्त-सीनचा. फारसीत 'स'ने सुरू होणाऱ्या सात गोष्टी मांडतात, त्यात लसूण, व्हिनेगर, सफरचंद असतं, गव्हाचे नाहीतर मसुराचे हिरवेगार कोंब असतात (तेराव्या दिवशी बाहेर जाऊन ते वाहत्या पाण्यात सोडतात), आणि सोबत सोंबोल म्हणजे हायसिंथची कुंडी. ती एकटी अख्खी खोली भरून टाकते, वरून मधासारखा गोड आणि आत ओला, कच्चा, नुकताच देठ मोडल्यासारखा वास. फुलातून तेल इतकं कमी मिळतं की परफ्यूमवाले तो वास बहुतेक वेळा फिनाइलअ‍ॅसिटाल्डिहाइडसारख्या रसायनांनीच उभा करतात.

आणि तो कच्चेपणा हवा असेल तर गॅल्बनम. माझ्या मते परफ्यूममधला खरा वसंत हाच! इराणच्या डोंगरातलं झाड, आपल्या हिंगाच्या झाडाचा चुलतभाऊच, मुळाशी काप दिला की चीक येतो आणि तो वाळतो. त्याच्या तेलाचा वास म्हणजे ढोबळी मिरची मधोमध चिरावी तसा, आणि ही नुसती उपमा नाहीये बरं का, दोन्हीत वास देणारं एक द्रव्य खरंच तेच आहे. जेरमेन सेलिये या परफ्यूम बनवणाऱ्या बाईंनी १९४७ मध्ये बालमॅं या फ्रेंच फॅशन कंपनीसाठी 'व्हाँ व्हेर' केलं त्यात गॅल्बनम सढळ हाताने घातलं होतं, तेव्हाच्या गोड फुलांच्या परफ्यूमांमध्ये ते केवढं धाडसाचं होतं विचार करा. त्याचा फॉर्म्युला नंतर बदलत गेला, म्हणून मी विचारणाऱ्यांना शनेल नंबर १९ सांगते, त्यात गॅल्बनमनंतर हळूहळू आयरिसच्या मुळाचा पावडरी वास येतो. कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच नाक मुरडू नका, हातावर लावा आणि अर्धा तास थांबा.