‘कितना लिखूं, साब?’ : टूर बिलांचा माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचा कारखाना. गाड्यांचे सुटे भाग जोडणाऱ्या मशिनी आम्ही बनवतो आणि त्या जातात साणंद, मानेसर, ओरगडम, पंतनगरला. मशिन अडली की तिकडची लाइन थांबते. फोन येतो दुपारी चारला आणि दुसऱ्या दिवशी आमचा माणूस तिथे हजर लागतो. त्यामुळे ‘तिकीट महिनाभर आधी काढा, स्वस्त पडतं’ हा सल्ला आमच्या काही कामाचा नाही.

मी अकाउंट्सला लागले त्याच आठवड्यात साहेबांनी जाता जाता सांगितलं, “टूर बिलं तुम्हीच बघा.” गठ्ठा आला, सोबत प्रवासखर्चाच्या पॉलिसीची दोन पानं. जेवणाला पावती सक्तीची, रिक्षाला पावती सक्तीची. (पंतनगरशेजारच्या रुद्रपूरच्या ई-रिक्षावाल्याकडे पावती मागून बघा एकदा.) मी नवी, उत्साही. लाल पेन घेऊन बसले.

पहिली चकमक अण्णांशी. आमचे सगळ्यात जुने फिटर. त्यांच्या पंतनगरच्या बिलातले १,४०० रुपये मी कापले, कारण जेवणाच्या पावत्या म्हणून साधे चिटोरे जोडलेले. अण्णा टेबलापाशी आले, आवाज न चढवता म्हणाले, “मॅडम, प्लँटमधून सुटायला रात्रीचे अकरा वाजले. उघडा एकच ढाबा. बिल मागितलं तर त्याने कोरा कागद पुढे ओढला आणि मलाच विचारलं, कितना लिखूं, साब? मी खरा आकडा लिहायला लावला. छापील पावतीपुस्तक आणून घरी बसून भरलं असतं तर तुम्ही पास केलं असतंत.”

केलंच असतं. गठ्ठ्यात तशी बिलं होतीही. तीन वेगळ्या गावांतल्या तीन हॉटेलांचं अक्षर एकच. ती मी मुकाट्याने पास केली होती. पावती होती ना!

त्या रविवारी मागच्या तीन महिन्यांच्या फायली घरी नेल्या. पैसा गळत होता तो भलतीकडेच. विमानाच्या इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के जीएसटी असतो. बुकिंग करताना कंपनीचा जीएसटी नंबर टाकला तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम कंपनीने भरायच्या करातून वळती होते. आमची पोरं घाईत स्वतःच्या मोबाईलवरून तिकीट काढायची, नंबर राहून जायचा. टाकला तरी भागत नाही. हाती येतं ते नुसतं तिकीट. कराचं इनव्हॉइस विमान कंपनीच्या साइटवरून वेगळं उतरवायचं आणि ते जीएसटी पोर्टलवरच्या २बी मध्ये (आपल्याला मिळू शकणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) दिसतंय का, हे दर महिन्याला ताडून बघायचं. हे कुणी केलेलंच नव्हतं.

हॉटेलचं त्याच्या उलट. खोली ज्या राज्यात, कर त्या राज्याचा. ओरगडमच्या लॉजवर तमिळनाडूचा कर लागतो, आमची नोंदणी फक्त महाराष्ट्रात, म्हणजे क्रेडिटवर पाणीच. आणि माझ्या आधीच्या गृहस्थांनी ‘बिलावर आपला जीएसटी नंबर नाही’ म्हणून लॉजची बिलं महिना महिना अडवलेली! त्या नंबराने कंपनीला दमडी मिळणार नव्हती. पोरांचे पगारातले पैसे मात्र अडकून पडले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेवढं ओझं उतरलं.

साहेबांपुढे कागद ठेवला: जेवण आणि रिक्षाला गावानुसार ठरावीक भत्ता, पावती नको, विमान फक्त ऑफिसातून, निघण्याआधी अॅडव्हान्स, आल्यावर आठ दिवसांत हिशेब. “म्हणजे फुकट पैसे वाटायचे?” साहेब म्हणाले. मी वाद घातला नाही. एकाच अक्षरातली ती तीन बिलं शेजारी शेजारी मांडली. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली.

रेल्वेचं घोडं मात्र अजून अडलेलंच आहे. जुलै २०२५ पासून तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, ओटीपी लागतो, आणि पहिला अर्धा तास एजंटला बुकिंग बंद. एसीची तत्काळ सुटते सकाळी दहाला. साडेदहाला आमच्या एजंटची पाळी येईपर्यंत उरते वेटिंग लिस्ट. माणसाने स्वतःच्या खात्यावरून काढावं म्हटलं, तर परतीच्या वेळी तो दहाला प्लँटच्या आत असतो आणि त्याचा मोबाईल गेटवर सिक्युरिटीच्या कप्प्यात. कॅमेऱ्याचा फोन आत नेता येत नाही.

परवा अण्णा पंतनगरला होते. दहाला पाच मिनिटं कमी असताना पाणी प्यायच्या निमित्ताने गेटवर आले, फोन मागून घेतला आणि तिथेच उभ्याने तिकीट काढलं. मिळालं. मला फोन करून म्हणाले, “मॅडम, गेटवरच्या पोराला चहा पाजला. वीस रुपये. भत्त्यात धरू, की वेगळे?”